साडेसहाची डबी, साडेअकराची नोंद

आमच्या वरूडच्या एका कलेक्शन सेंटरवाल्यानं माझ्या बायकोला फसवलं. सकाळी साडेसहाला घरून नेलेल्या लघवीच्या डबीच्या फॉर्मवर त्यानं साडेअकराची वेळ टाकली. त्या खोट्या वेळेच्या भरवशावर तिला तीन महिने भलत्याच रोगाच्या गोळ्या गिळाव्या लागल्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मला बऱ्याच जणांचे आभार मानायचे आहेत आणि आभारांच्या गर्दीत हा माणूस सुटून जायला नको.

मी संत्र्याचा व्यापारी. सुरुवात पॅकिंगच्या शेडमध्ये फळं निवडण्यापासून केली. डागी एकीकडे, चांगली दुसरीकडे, दिवसभर उकिडवं बसून. आज बगिच्यात शिरलो की झाडाखाली उभं राहून सांगतो, यावर किती माल आहे, आणि तोडीच्या दिवशी माझा अंदाज फारसा चुकत नाही. सौद्यात मला कोणी गुंडाळलं असं सांगणारा माणूस आमच्या भागात सापडणार नाही. मी तापट आहे असं सांगणारे पुष्कळ सापडतील, आणि ते खरं आहे.

फेब्रुवारी लागला होता, मृग बहाराचा माल निघत होता. रोज पहाटे बगिचा, दुपारी शेड, संध्याकाळी ट्रक. त्या धावपळीत बायकोच्या पापण्या सकाळी सुजलेल्या असायच्या आणि संध्याकाळी तिच्या पायांत चप्पल रुतायची, हे मला दिसलं नाही. ती स्वतःच दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली.

आमच्याकडे सेंटरवाले फक्त नमुने गोळा करतात. तपासणी अमरावतीच्या लॅबमध्ये होते. आमचा सेंटरवाला घरी येऊन एक प्लास्टिकची डबी देऊन गेला. "यात भरून ठेवा काकू," एवढंच बोलला. कशी भरायची, किती भरायची, काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तो मोटरसायकलवर आला तेव्हा मी बगिच्याकडे निघतच होतो.

तो म्हणाला, "काका, सातच्या बसनं मी स्वतः नेतो, बर्फाच्या डब्यात. त्याचे थोडे जास्त पडतात. नाईतर दुपारच्या गाडीत टाकतो."

"दुपारच्या गाडीत टाकलं तं काय बिघडते?"

"काही नाई बिघडत, काका. सगळ्यांचं तसंच जाते."

"मंग जास्तीचे कायले देऊ?"

तो हसला. मीही हसलो. सौदा जमला की मला भूक लागते. त्या दिवशी बगिच्यात मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. डबी त्याच्या हातात देताना मला तिचा रंग दिसला होता. दूध कमी घातलेल्या चहासारखा, गढूळ. मी बायकोला म्हणालो, "चहा कमी पीत जा." एवढं माझं निदान.

रिपोर्ट आला. जंतू भरपूर, प्रोटीन थोडंसं, बाकी सगळं निरंक. डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शन आहे. गोळ्या दिल्या. महिन्यानं पुन्हा तपासणी, पुन्हा दुपारची गाडी, पुन्हा जंतू भरपूर. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. तिसऱ्या महिन्यात एप्रिल लागला होता आणि जंतू आणखी वाढले होते. डॉक्टरांना मी दोष देत नाही. कागदावर जे आलं त्यावरून त्यांनी औषध दिलं.

पुढचं सगळं अकोल्याच्या एका कासारणीमुळं घडलं. आधी तिचे आभार.

बायकोच्या मोठ्या बहिणीकडे अकोल्याला तिच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. आलेल्या सगळ्या बायकांना हिरव्या बांगड्या भरायच्या होत्या. कासारीण ओसरीवर बसून एकेकीचा हात दाबत, चोळत बांगड्या चढवत होती. माझ्या बायकोचा हात तिनं हातात घेतला, दाबला आणि सोडून दिला.

"बाई, तुमचा हात सुजला हाय."

"जाडी झाली मी," बायको म्हणाली.

"जाडीचा हात मले समजते. दाबला तं परत वर येते. तुमच्या हातात माह्या अंगठ्याचा खड्डा पडला. हा पाहा."

सगळ्या बायकांनी वाकून पाहिलं. मला मेहुणीनं तिथं बोलावलं आणि तो खड्डा दाखवला, नडगीवरचाही दाखवला. मी काही बोलायच्या आत बायकोच बोलली, "संत्र्याच्या झाडावर किती फळ हाय थे यायले दुरून दिसते. बायकोचं थोबाड सुजलेलं जवळून नाई दिसलं." बायका हसल्या. मी बाहेर येऊन उभा राहिलो.

मेहुणीच्या पुढच्याच गल्लीत एक बाई राहतात. सरकारी दवाखान्याच्या लॅबमधून निवृत्त झालेल्या. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांची स्वतःची लॅब आहे. संध्याकाळी आम्ही तिथं गेलो. जाण्याआधी मेहुणीनं खसच्या सरबताची एक रिकामी बाटली धुऊन दिली होती, तीत नमुना भरून नेला. बाटली दिसायला छान होती, झाकणही घट्ट.

बाईंनी झाकण उघडलं, वास घेतला आणि सगळी बाटली मोरीत ओतून दिली.

माझं डोकं फिरलं. "अवो बाई, काय करून राहिल्या तुमी? तिनं तासभर बसून भरली होती थे!"

"हे अर्धं सरबत हाय, दादा," त्या शांतपणे म्हणाल्या. "याच्यात साखर निघंल आन् उद्या तुमी तिले शुगरच्या गोळ्या चालू कराल."

"धुतली होती बाटली!"

"तुमी धुतली?"

मी धुतली नव्हती. मी गप्प बसायला हवं होतं, पण ते मला येत नाही. "मी काही गावंढळ नाई. वरूडचा व्यापारी हाय मी. मले शिकवू नोका."

"कशाचा व्यापार?"

"संत्र्याचा."

"मंग युरियाच्या पोत्यात भरता का संत्रं? धुऊन?"

मागं बाकावर एक म्हातारे गृहस्थ रक्त द्यायला बसले होते. ते मोठ्यानं हसले. बायकोही तोंडावर पदर घेऊन हसली. तिच्या सुजलेल्या चेहऱ्यावर ते हसू किती दिवसांनी दिसलं, ते लक्षात आलं तेव्हा माझा राग उतरला.

बाईंनी तिला आतल्या खोलीत नेलं आणि समजावून सांगितलं. दार लोटलेलं होतं, पण त्यांचा आवाज सरकारी दवाखान्यातला, बाहेर स्पष्ट येत होता. उद्या सकाळी उठल्यावर पहिलीच लघवी घ्यायची, रात्रभर साठलेली असते म्हणून त्यात जे असेल ते नीट सापडतं. आधी हात धुवायचे, मग जागा साध्या पाण्यानं स्वच्छ धुवायची. सुरुवातीची धार सोडून द्यायची, तिच्याबरोबर बाहेरची घाण निघून जाते. मधली धार डबीत घ्यायची. डबीच्या आत बोट लावायचं नाही, झाकणाची आतली बाजू खाली ठेवायची नाही. अर्धी डबी पुरे. पाळी चालू असेल तर आधी सांगायचं. आणि लगेच आणून द्यायची.

बाहेर आल्यावर बायको मला म्हणाली, "तीन महिन्यांत पहिल्यांदा कोनी सांगतलं."

सकाळी सात वाजता आम्ही बाईंच्या दारात होतो. त्यांनी डबीवर बायकोचं नाव लिहिलं, वय लिहिलं आणि भिंतीवरचं घड्याळ पाहून वेळ लिहिली. मी म्हणालो, "झाकणावर लिहा ना, वरून दिसंल."

"झाकणं बदलतात दादा. एकाची डबी, दुसऱ्याचं झाकण. मंग तुमच्या बायकोले कोन्या पाटलाचा रिपोर्ट येते."

मला तिथून हलायचं नव्हतं. त्यांनीही हाकललं नाही. आधी त्यांनी डबी खिडकीसमोर धरून नुसती पाहिली. मी ज्या रंगाला चहा म्हणालो होतो, त्या रंगाकडे त्या बराच वेळ पाहत होत्या. मग एक पट्टी बुडवली. तिच्यावर लहान लहान रंगीत चौकोन होते, ओळीनं. पट्टी कडेला निथळून त्यांनी आडवी धरली, घड्याळ पाहिलं आणि पट्टीच्या डब्यावरच्या रंगांशी एकेक चौकोन जुळवला. घाई नाही, बोलणं नाही. फळ निवडताना आमच्या शेडमधली जुनी माणसं अशीच गप्प असतात.

मग थोडी लघवी काचेच्या नळीत घालून यंत्रात गरगर फिरवली. तळाला बसलेला गाळाचा एक थेंब काचेवर घेतला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. बराच वेळ त्या काच इकडे तिकडे सरकवत राहिल्या. मग मान वर केली.

"या. पाहा."

मी डोळा लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग गोल गोल बारीक टिकल्या दिसल्या, पुष्कळ. आणि मध्ये एक लांबट नळकांडं, आतून तशाच टिकल्यांनी भरलेलं.

"गोल हाय थ्या रक्तातल्या लाल पेशी," बाई म्हणाल्या. "आन् थे लांबट हाय ना, थो साचा हाय. किडनीत बारीक नळ्या असतात. तिथं रक्त उतरलं की नळीच्या आकारात गोठून बाहेर येते. म्हंजे रक्त खालून कुठून नाई, किडनीतून येऊन राहिलं. जंतू मले तं दिसत नाईत. सूज किडनीले हाय."

बायको बाकावर बसली होती. तिनं विचारलं, "मंग तीन महिने जंतू कोनाचे होते?"

बाईंनी जुने रिपोर्ट मागितले. मी पिशवीतून काढून दिले. त्यांनी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "यायनं पट्टीवर साखर आन् प्रोटीन तेवढंच पायलं, रक्त पायलंच नाई," त्या पुटपुटल्या. मग वरच्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "नमुना घेतल्याची वेळ साडेअकरा. तुमी सकाळची पहिली नाई दिली का?"

"साडेसहाले दिली," बायको म्हणाली. "तिन्ही वेळा. यायच्या समोर."

"आन् गाडी कवा निघते?"

"बाराले," मी म्हणालो.

बाईंनी तिन्ही कागद एकावर एक ठेवले. मग त्यांनी आम्हाला सांगितलं. लघवी बाहेर आल्यावर एक-दोन तासांत तपासायची असते. तशीच उन्हाळ्यात ठेवली की तिच्यात पडलेले चार जंतू चार लाख होतात. ते लघवी बदलून टाकतात, आणि बदललेल्या लघवीत लाल पेशी फुटतात, साचे विरघळून जातात. साखर असली तर ती जंतू खातात, नसलेलं इन्फेक्शन मात्र दिसतं. "वेळ खरी असती," त्या म्हणाल्या, "तं लॅबनं नमुना परत पाठवला असता. निदान डॉक्टरनं तरी विचार केला असता. जे पाहायचं होतं थे विरघळलं, आन् जे नव्हतं थे उगवलं."

तोडलेलं संत्रं मी उन्हात तासभर ठेवू देत नाही. शेडमध्ये फळांनी भरलेलं एक कॅरेट उन्हाला राहिलं तर माझा आवाज रस्त्यावर ऐकू जातो. बायकोचा नमुना मी तीन वेळा दुपारच्या गाडीला लावला होता, आणि तो गाडीची वाट पाहत कुठं पडून असेल, हे विचारलंही नव्हतं.

बाईंनी त्याच दिवशी अमरावतीच्या किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि चिठ्ठी लिहून दिली. मी पाकीट काढलं. त्यांनी तपासणीचे ठरलेले तेवढेच घेतले. मी भाव केला नाही. आयुष्यात एवढीच एक वेळ असेल.

अमरावतीच्या डॉक्टरांनी किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला, गोळ्या चालू केल्या, मीठ तोडलं, पाण्याचं माप ठरवून दिलं. बायकोचा चेहरा आधी गोळ्यांनी गोल झाला, मग हळूहळू पुन्हा तिचा झाला. डायलिसिसच्या मशीनवर जायची वेळ आली नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन महिने गेले असते तर मशीन टळलं नसतं. मग थांबून म्हणाले, तीन महिने आधी आला असतात तर किडनीचा जो भाग गेला, तोही बहुतेक वाचला असता. त्यांचे मी आभार मानतो. त्यांचं ते दुसरं वाक्य विसरायला मात्र तयार नाही.

आता दर महिन्याला तपासणी असते आणि नमुना मी स्वतः पहिल्या बसनं अमरावतीला नेतो. यावरून घरात एकदा मोठं भांडण झालं. एकदा पहिली बस चुकली. बाईंनी सांगून ठेवलं होतं की उशीर होणार असेल तर डबी पिशवीत बांधून फ्रिजमध्ये ठेवायची, वरच्या बर्फाच्या कप्प्यात नाही, खाली. मी फ्रिज उघडला. बायको आडवी आली.

"तिथं देवाचं दूध हाय!"

"बाजूले ठेवतो ना."

"बाजूले? नैवेद्याच्या बाजूले? तुमाले काही लाज?"

"देवाले समजते तुही किडनी कशी हाय थे!"

"देवाले समजते, शेजारणीले समजत नाई. ती दही मागाले येते आन् फ्रिज तीच उघडते."

डबी माझ्या हातात गरम होत होती आणि आम्ही दोघं भांडत होतो. शेवटी मी गावातल्या औषधाच्या दुकानात पळालो आणि लसी ठेवतात तसला एक जाड डबा, बर्फाच्या विटांसकट, उचलून आणला. आता तो आमच्या घरात वेगळा ठेवलेला असतो. शेजारच्या दोन घरांतले लोकही तो मागून नेतात. नेताना मी त्यांना हात धुण्यापासून मधल्या धारेपर्यंत सगळं सांगतो. बायका पदर तोंडावर घेतात. मी थांबत नाही.

दिवाळीच्या सुमाराला आंबिया बहाराची पहिली तोड झाली तेव्हा मी निवडून दोन कॅरेट भरली आणि अकोल्याला बाईंच्या दारात उतरवली. त्या बाहेर आल्या.

"हे काय?"

"पहिल्या तोडीचं हाय. घरचं समजा."

"मी एकटी हाय दादा. चार द्या."

"चार? मी वरूडहून गाडी घेऊन आलो!"

"बरं. पाच."

"एक कॅरेट तरी ठेवा."

"पाच. नाईतर चार."

मी अर्धा तास भांडलो. मोठमोठ्या बागायतदारांना मी एवढ्या वेळात नमवलं आहे. त्यांनी पाचच घेतली, एक तिथंच सोलून मला अर्धं दिलं आणि विचारलं, "बायकोची लघवी पायली का या महिन्यात?" मी म्हणालो, पाहिली, लाल पेशी दोन-चार, साचे नाहीत. त्या म्हणाल्या, "मंग संत्रं गोड हाय." उरलेली कॅरेट मी मेहुणीकडे ठेवली आणि त्या कासारणीलाही द्यायला सांगितली.

सेंटरवाल्याकडे मी गेलो होतो, ते मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. बाईंकडची तपासणी करून अकोल्याहून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी गेलो. भिंतीला खिळा होता, खिळ्याला प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सकाळपासूनच्या डब्या. पंखासुद्धा बंद होता. माझ्या बायकोच्या डब्यांबरोबर लॅबला गेलेल्या फॉर्मांच्या प्रती मी मागितल्या. वेळेच्या रकान्यात साडेअकरा, तिन्हीवर. खाली आणखी एक रकाना होता: नमुना बर्फात ठेवला काय? तिन्हीवर बरोबरची खूण.

मी काय काय बोललो ते छापण्यासारखं नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, तुमीच तं म्हनलं होतं, दुपारच्या गाडीनं काय बिघडते."

हे खरं आहे. मी म्हणालो होतो. थोड्या पैशांसाठी मी सौदा केला आणि सौदा जिंकलो म्हणून दोन भाकरी जास्त खाल्ल्या. बायकोसमोर बसून मी हे कबूल केलं आहे. ती एवढंच म्हणाली, "माह्याइतका स्वस्त सौदा तुमी कोनाचाच केला नाई."  ते माझ्या वाट्याचं आहे, मी ते सोसतो.

पण सेंटरवाल्या, बिघडतं का, हे मी तुला विचारलं होतं, आणि जाणकार म्हणून तू नाही म्हणालास. साडेअकरा मी लिहिले नाहीत. बर्फाच्या रकान्यात खूण मी केली नाही. ती खोटी वेळ वाचून लॅबनं तपासलं, लॅबचं वाचून डॉक्टरनं औषध दिलं, आणि खिळ्याला टांगलेल्या त्या पिशवीत माझ्या बायकोची किडनी तीन महिने विरघळत होती. तुझ्या खिळ्याला आजही पिशवी आहे, मी रोज सकाळी जाताना पाहतो. तिच्यात कोणाकोणाच्या डब्या आहेत?

माझ्याशी बोलू नकोस, माझ्याशी तू काहीही बोलशील. आमच्या घरी ये. ती सकाळी ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली असते. तिच्यासमोर बस, तिन्ही फॉर्म पुढं ठेव आणि तिला सांग, साडेसहाचे साडेअकरा तू कशासाठी केलेस?